नगरची छावणी आणि इंग्रजांचे वाक्प्रचार

इंग्रजी शिकलेल्या बहुतेक घरांत एखादी तरी जुनी वही सांपडते, जिच्या पानावर मधोमध रेघ ओढलेली असते. रेघेच्या डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार आणि उजवीकडे त्यांचा अर्थ. 'कुत्रीं-मांजरें पडणें' म्हणजे मुसळधार पाऊस पडणें. 'बादलीला लाथ मारणें' म्हणजे मरण पावणें. 'न्यूकॅसलला कोळसा नेणें' म्हणजे जेथें जी वस्तु मुबलक आहे तेथेंच ती नेण्याचा व्यर्थ खटाटोप करणें. आम्हीं हे वाक्प्रचार पाठ केले, परीक्षेंत वापरले, आणि पुढें अर्ज-पत्रांतून मोठ्या ऐटीनें मिरवलेहि. परंतु बादलीचा आणि मरणाचा संबंध काय, हें मास्तरांनीं कधीं सांगितलें नाहीं आणि आम्हींहि कधीं विचारलें नाहीं. परक्याच्या घरून मागून आणलेल्या भांड्यांसारखे ते आम्हीं जपून वापरले. त्यांतलें एखादें भांडें मूळचें आपल्याच घरचें असेल, अशी शंका आम्हांला शिवली नाहीं.

मला स्वतःला ती शंका पुढें आली, आणि नको इतक्या उत्साहानें आली. आजच्या भाषणाचें कारण तेंच आहे.

मी इतिहास शिकविणारा मनुष्य. नगरच्या एका शाळेंत माझीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं. या शहराला २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे. पण मी ज्या काळाविषयीं बोलणार आहें तो जुन्या नांवाचा काळ असल्यामुळें ओघांत 'नगर' असेंच म्हणेन. वर्गांत १८०३ सालचा धडा आला कीं मी एक गोष्ट हटकून सांगत असें. त्या वर्षीं ८ ऑगस्ट रोजीं जनरल आर्थर वेलस्ली यानें शिड्या लावून नगर शहराचा तट सर केला आणि १२ तारखेला दौलतराव शिंद्यांचा किल्लाहि त्याच्या हातीं आला. इंग्रजांच्या तळावर असलेल्या गोखले नांवाच्या एका मराठे सरदारानें पुण्यास कळविलें, कीं हे लोक मोठे विलक्षण. सकाळीं आले, तट पाहिला, ओलांडला, आंतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परत गेले. हाच वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ सालीं वॉटर्लूवर त्यानें नेपोलियनचा पराभव केला.

इथवर सर्व ठीक होतें. माझी गोष्ट सुरू होई ती यापुढें. वेलिंग्टनच्या तोंडीं एक वाक्प्रचार घातला जातो: 'आय डोण्ट केअर ए टपेनी डॅम', म्हणजे मला त्याची दोन पेन्यांच्या 'डॅम'इतकीहि पर्वा नाहीं. हा 'डॅम' म्हणजे इंग्रजी शाप नव्हे, तर आपला 'दाम', असें मी ठासून सांगत असें. अकबराच्या वेळीं तांब्याच्या चाळीस दामांचा एक रुपया होई. दाम म्हणजे क्षुल्लक नाणें. नगरच्या बाजारांत सेनापतीच्या कानीं तें पडलें, त्यानें तें विलायतेस नेलें, आणि आतां सारें इंग्रजी जग आपलें तांब्याचें नाणें तोंडांत घोळवीत आहे! १९३९ सालच्या 'गॉन विथ द विंड' या चित्रपटाच्या अखेरीस नायक जो शब्द उच्चारून निघून जातो तोहि हाच, अशी जोड मी देत असें. मुलें खूष होत. मीहि होत असें.

एका वर्षीं मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, मग वेलस्ली नगरला येण्यापूर्वीं इंग्रज काय म्हणत असत?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मीं जुने कोश उघडले. दामाची कल्पना मीं हवेंतून काढलेली नव्हती, एवढाच दिलासा मिळाला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या प्रसिद्ध कोशांत ती सुचविलेली आहे. परंतु त्यानंतर झालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानें ही व्युत्पत्ति चतुर आहे, पण तिला वस्तुस्थितीचा आधार नाहीं, असा निकाल दिला आहे. त्याहून बिनतोड पुरावा सालांचा. ऑलिव्हर गोल्डस्मिथ या लेखकानें 'तीन डॅम'ची पर्वा नसल्याचा प्रयोग १७६० च्या सुमारास केलेला आहे, आणि वेलस्ली जन्मला १७६९ सालीं. गोल्डस्मिथनें हिंदुस्थान कधीं पाहिला नाहीं. कारोमांडल किनाऱ्यावर कंपनीच्या वैद्याची जागा त्याला मिळतां मिळतां राहिली होती, एवढाच काय तो त्याचा आपल्याशीं संबंध. तात्पर्य, डॅम हा शापच. ज्या अर्थानें इंग्रज मनुष्य 'शापाइतकीहि पर्वा करीत नाहीं' असें म्हणतो, त्याच अर्थानें तो 'डॅम'हि म्हणतो.

मी फसलों कां, याचा नंतर पुष्कळ विचार केला. आपल्या मराठींत 'दमडीची किंमत नाहीं', 'फुटकी कवडी देणार नाहीं', 'छदामहि मिळणार नाहीं' अशी बोलण्याची जुनी रीत आहे. कानाला ती रीत ओळखीची, म्हणून इंग्रजी वाक्याखालीं तीच असणार असें मन म्हणालें. पण इंग्रजांजवळहि त्यांचें फार्दिंग होतें, आणि 'पितळी फार्दिंगचीहि पर्वा नाहीं' असें तेहि म्हणत आले. क्षुल्लक नाण्यावरून क्षुल्लक गोष्ट सांगावी हें कोणत्याहि बाजारांत माणसाला आपोआप सुचतें. तेवढ्यावरून नातें लागत नाहीं. शिवाय दाम हा शब्द संस्कृतांतील 'द्रम्म' यापासून आला आणि द्रम्म आला ग्रीकांच्या 'द्राख्मे'पासून. तेव्हां डॅमवर हक्क सांगायचाच झाला, तर आधीं ग्रीकांना नोटीस द्यावी लागेल.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत चूक कबूल केली. त्या मुलीनें वहींत ती ओळ शांतपणें खोडली. परंतु त्यापूर्वींचीं जीं मुलें माझ्या हाताखालून गेलीं, त्यांतलीं कित्येक आतां स्वतः शिक्षक आहेत, आणि त्यांच्या वह्यांतून ती ओळ कोण खोडणार? आकाशवाणीवरून बोलण्याची संधि मिळतांच मीं हाच विषय मागून घेतला, तो त्यांतला कोणी ऐकत असेल या आशेनें.

आतां दाम गेला म्हणून सर्वच गेलें, असें मात्र नाहीं.

१८१८ नंतर नगर इंग्रजी अंमलाखालीं स्थिर झालें आणि भिंगारजवळ छावणी वसली. अशा छावण्या पुणें, खडकी, देवळाली, बेळगांव येथेंहि होत्या. यांतला गोरा शिपाई हा वेलस्लीसारखा उमराव नव्हे. गिरणीच्या गांवांतला, खाणींतला, पुष्कळदां अन्नालाहि महाग झालेला असा तो तरुण वर्षानुवर्षें येथें राही. त्याला पाणी देणारा भिस्ती, कपडे धुणारा धोबी, स्वयंपाक करणारा खानसामा, अंडीं विकणारा फेरीवाला यांच्याशीं त्याचें बोलणें होई, आणि तें जें होई तें मोडक्या हिंदुस्थानींत. वाक्प्रचारांची खरी देवघेव येथें झाली, सेनापतींच्या मेजावर नव्हे. एक गोष्ट आधींच सांगून ठेवतों: यांतल्या बहुतेक छावण्या महाराष्ट्रांत असल्या तरी त्यांची भाषा मराठी नव्हती. त्यामुळें येथून गेलेले बहुतेक शब्द हिंदुस्थानी आहेत. आपल्या मराठींतहि ते आहेत, एवढेंच. निखळ मराठींतून इंग्रजींत गेलेलें म्हणून बेधडक दाखवावें असें माझ्या समोर एकच नांव ठळकपणें येतें, तें मुंगसाचें. इंग्रजांनीं त्याचें 'मॉंगूस' केलें.

इंग्रज मनुष्य 'टेक ए डेको' म्हणतो, म्हणजे जरा एक नजर टाक. हा डेको म्हणजे 'देखो'. आरामाच्या नोकरीला तो 'कुशी' म्हणतो. तीं आपली 'खुशी'. 'पक्का' हा शब्द त्यानें सबंध उचलला आणि 'पक्का साहिब' असा एक मनुष्यप्रकारच निर्माण केला. एखादी वस्तु उत्तम असली कीं लंडनचे लोक एकोणिसाव्या शतकांत तिला 'चीझ' म्हणूं लागले. हें खाण्याचें चीझ नसून 'ती काय चीज आहे!' असें आपण म्हणतों त्यांतली चीज असावी, असें यूलचें मत, आणि यावेळीं तें पटण्यासारखें आहे.

या सर्वांत मला अतिशय आवडतो तो 'किक अप ए बॉबरी' हा प्रयोग. अर्थ, आरडाओरडा करणें, गोंधळ माजविणें. पायाखालीं साप आला, हातांतून दुधाचें पातेलें पडलें, कोणी एकाएकीं मोठा आंकडा सांगितला, कीं आपल्या तोंडून निघतें 'बाप रे!', आणि धक्का मोठा असला तर 'बाप रे बाप!'. इंग्रजाला बाप कळला नाहीं, रे कळला नाहीं. ओरडणें तेवढें कळलें. त्यानें त्याचें 'बॉबरी' केलें आणि नाम बनवून टाकलें. पुढें निरनिराळ्या जातींचीं, कोठूनहि गोळा केलेलीं शिकारी कुत्रीं जमवून जो कळप होई, त्यालाहि 'बॉबरी पॅक' म्हणूं लागले. कारण तीं भुंकत फार. संकटांत बापाला मारलेली हांक अखेर कुत्र्यांच्या भुंकण्यापर्यंत जाऊन पोंचली! यांत कोणाचा अपमान करण्याचा हेतु होता असें मला वाटत नाहीं. कानांनीं जें ऐकलें तें जिभेनें आपल्या सवयीप्रमाणें वळविलें.

असेंच वळण एका दुसऱ्या हांकेला मिळालें. तिची हकीकत सांगतांना मात्र मला हंसूं येत नाहीं.

नगरच्या निजामशाहींत बुऱ्हाण निजामशहानें शाह ताहिर या विद्वानाच्या उपदेशावरून १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला. तेव्हांपासून नगरचा मोहरम दक्षिणेंत गाजत आला. राज्य गेलें, मोहरम राहिला. आजहि कोठल्यावरून बारा इमामांच्या सवाऱ्या निघतात, कत्तलच्या रात्रीं सारें गांव जागें असतें, आणि सवारीपुढें नवस फेडणाऱ्यांत हिंदु घरचीं माणसेंहि असतात. इ.स. ६८० मध्यें करबलाच्या मैदानांत पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले. त्यांचें आणि त्यांच्या वडील बंधूंचें नांव घेऊन शोक करणारे लोक छाती पिटीत म्हणतात, 'या हसन! या हुसेन!'

दूर उभा असलेला इंग्रज ही हांक ऐके. सतराव्या शतकांत जॉन फ्रायर नांवाच्या इंग्रज वैद्यानें ती 'होसी गोसी' अशी लिहिली. नंतर आलेल्या प्रत्येकानें ती आणखी थोडी वांकविली. आणि अखेर पलटणींतील शिपायांनीं तिला आपल्या गांवाकडचीं दोन आडनांवें देऊन टाकलीं. हॉब्सन आणि जॉब्सन! आपल्याकडे कोणी 'जोशी-कुळकर्णी' म्हणावें त्यांतली ही गत. मग मोहरमलाच 'हॉब्सन-जॉब्सन' म्हणूं लागले, आणि मोहरमवरून कोणत्याहि देशी गर्दीला, मिरवणुकीला, दंग्याधोप्याला.

वर ज्या कोशाचा उल्लेख केला, त्याचें नांवच 'हॉब्सन-जॉब्सन' असें आहे. हेन्री यूल हा बंगालच्या इंजिनियर पलटणींतला अधिकारी, आणि आर्थर बर्नेल हा मद्रासकडचा न्यायाधीश व संस्कृतचा मोठा व्यासंगी. कोश छापून होण्यापूर्वींच, १८८२ सालीं, बर्नेल वारला. राहिलेलें काम यूलनें पुरें केलें. हिंदुस्थानांतून इंग्रजींत गेलेल्या शब्दांची अशी खाण दुसरी नाहीं. १९०३ सालीं विल्यम क्रुक यानें तिची वाढविलेली आवृत्ति काढली आणि ती अजून छापली जाते. नांव असें कां ठेवलें, तें यूल प्रस्तावनेंत सांगतो: परदेशांतून आलेल्या शब्दांचें इंग्रजी जिभेवर काय होतें, याचा हा उत्तम मासला आहे म्हणून. पुढें भाषाशास्त्रज्ञांनीं परक्या शब्दाला आपल्या ओळखीच्या आवाजाचा वेष देण्याच्या प्रवृत्तीलाच 'हॉब्सन-जॉब्सनचा नियम' असें नांव दिलें.

नियम खरा आहे, आणि तो आपणहि पाळतों. 'लॉर्ड'चा 'लाट' आपणच केला. 'रिक्रूट'चा 'रंगरूट' झाला. पहाऱ्यावरच्या इंग्रजाची 'हू कम्स देअर' ही आरोळी आपल्या शिपायांनीं 'हुकुमदार' अशी करून टाकली, आणि अर्थहि ऐटबाज लागला. तेव्हां या बाबतींत आपणहि निर्दोष नाहीं. परंतु 'लाट' म्हणतांना कोणाच्या मरणाची चेष्टा होत नाहीं. हॉब्सन-जॉब्सनच्या खालीं मात्र एका मुलुखानें शतकानुशतकें जपलेला शोक पुरलेला आहे, आणि खुद्द त्या कोशांत या शब्दाचा पहिला अर्थ देशी लोकांची उत्सवी धांदल, तमाशा, असा दिलेला आहे. यूल आपल्या लोकांवर प्रेम करणारा, कष्टाळू विद्वान होता. त्याला हें खटकलें नाहीं. कोठल्याच्या दारांत कत्तलच्या रात्रीं उभा राहिला असता, तर कदाचित् खटकलें असतें.

उलट दिशेचीहि थोडी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर हिशेब एकेरी होईल. 'कोल्ह्याला द्राक्षें आंबट' ही म्हण आपल्या घरांत आजीच्या तोंडीं असते. पण तो कोल्हा इसापाचा. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी इसापनीति १८२८ सालीं छापून निघाली आणि शाळाशाळांतून तो कोल्हा, तो 'लांडगा आला रे आला' म्हणणारा पोर, तो सिंहाचा वाटा, हे सर्व आपले झाले. 'नक्राश्रु' तर संस्कृतांत इतके नटून आले आहेत, कीं ते इंग्रजी मगरीचे आहेत हें सांगितल्यावर शास्त्रीबुवाहि क्षणभर थबकतात. या पाहुण्यांनीं आपलें कांहीं बिघडविलें नाहीं.

विसाव्या शतकांतल्या दोन शब्दांकडे येतों. पहिला 'ब्लायटी'. अरबी 'विलायत' म्हणजे मुलुख, प्रांत. आपल्याकडे ती परक्यांची विलायत झाली. विलायती कापड, विलायती पाणी. विलायती चिंच तर मेक्सिकोकडून आली तरी आपण तिला विलायतीच म्हटलें. नोकरचाकरांच्या तोंडचें हें 'बिलायती' गोऱ्या शिपायानें उचललें आणि आपल्या मायदेशाला लाडानें 'ब्लायटी' म्हणूं लागला. परक्या लोकांनीं आपल्या देशाला परकेपणानें दिलेलें नांव त्यानें घरच्या ओढीनें वापरावें, ही गंमत लहान नाहीं. पहिल्या महायुद्धांत, फ्रान्सच्या खंदकांतून, या शब्दाचा एक वाक्प्रचार झाला: 'ब्लायटी वन' मिळणें. म्हणजे जीव जाणार नाहीं, पण मायदेशीं पाठविणें भाग पडेल, एवढी जखम होणें. शिपाई एकमेकांना ती मिळावी म्हणून शुभेच्छा देत. याच काळांत आपल्या नगरच्या छावणींत जर्मन लोक कैदेंत ठेवलेले होते, आणि त्यापूर्वीं बोअर युद्धांतले कैदीहि येथें आणलेले होते. घरीं परत कधीं जाऊं, हा प्रश्न तारांच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंस एकच होता.

दुसरा शब्द 'डूलॅली'. त्याच्यासाठीं नगरहून शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत जावें लागेल. आज इंग्लंडांत एखाद्या आजीबाईनें चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला, तर ती स्वतःलाच म्हणेल कीं मी 'डूलॅली' झालें. म्हणजे माझें डोकें फिरलें. तिला ठाऊक नसतें कीं ती एका मराठी गांवाचें नांव घेत आहे. तें गांव देवळाली.

नाशिकजवळच्या या गांवीं १८६१ सालीं लष्करी तळ पडला. विलायतेहून मुंबईस उतरलेला शिपाई घाट चढून येथें येई आणि येथून आपापल्या पलटणीकडे जाई. नोकरीची मुदत भरलेला शिपाई परत जातांना येथेंच थांबे. १८७८ सालीं दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाल्यावर नगरच्या शिपायालाहि मनमाडवरून देवळाली गांठणें सोपें झालें. सैनिकांची नेआण करण्यासाठीं १८६६ च्या सुमारास मुद्दाम पांच जहाजें बांधलेलीं होतीं. त्यांतल्या दोघांचीं नांवें 'जमना' आणि 'मलबार' अशीं होतीं. पण तांबड्या समुद्रांतील उन्हाळा टाळावा म्हणून हीं जहाजें हिवाळ्याच्या महिन्यांतच फिरत. मग ज्याची मुदत हंगाम संपल्यावर भरली, त्याची कथा काय? त्यानें पुढच्या हंगामापर्यंत देवळालीस बसावें.

नोकरी संपलेली, घर समुद्रापार. कवाईत नाहीं, हातीं बंदूक नाहीं, उद्यांचें काम नाहीं. वरून ऊन, मग पाऊस. बराकींत रोज तींच माणसें आणि त्यांच्या त्याच गोष्टी. जवळचा पैसा दारूंत जाई. हिवतापानें ग्रासलेला एखादा भ्रमांत बडबडे. जे वर्षानुवर्षें लढाईला किंवा पटकीला डगमगले नाहींत, ते या रिकाम्या महिन्यांत विचित्र वागूं लागत. अशा माणसाविषयीं सोबती म्हणत, त्याला 'डूलॅली टॅप' झाला आहे. हा टॅप म्हणजे नळ नव्हे कीं टिचकी नव्हे. फारसी 'तप' आणि आपला 'ताप' हे एकाच कुळांतले. देवळालीचा ताप! आपणहि 'डोक्याला ताप' म्हणतोंच.

या शतकाच्या... नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत चाकरी केलेला फ्रँक रिचर्ड्स नांवाचा एक साधा शिपाई होता. त्याच्या १९३६ सालच्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकांत देवळालीचें वर्णन आहे. तळावरच्या कंटाळ्यानें माणसें विचित्र वागत, त्यावरून हा वाक्प्रचार निघाला, असें त्यानें नोंदलें आहे. लक्षांत घेण्यासारखें असें कीं, तो हें ठामपणें सांगत नाहीं. आपल्याला असें वाटतें, एवढेंच म्हणतो. तो तेथें राहिलेला, त्यानें तीं माणसें पाहिलेलीं, आणि तरीहि त्यानें तेवढी मर्यादा पाळली. दामाची गोष्ट सांगतांना मला ती पाळतां आली नव्हती.

पुढें 'टॅप' गळून पडला आणि नुसतें 'गॉन डूलॅली' राहिलें. दुसऱ्या महायुद्धांतील शिपायांनीं तें पुन्हां घरीं नेलें. १९७४ पासून बी.बी.सी.नें दूरचित्रवाणीवर दाखविलेली एक विनोदी मालिका याच देवळालीच्या तळावर घडते असें दाखविलें होतें. लाखों घरांत लोक हंसले. 'देवळाली' या नांवांत 'देऊळ' ऐकूं येतें, आणि त्यावरून एखादी सुरस गोष्ट रचण्याचा मोह मलाहि झाला होता. मागच्या बाकाची आठवण झाली आणि तो आवरला.

वर्गांत मीं हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हां निम्मीं मुलें म्हणालीं, कीं मनमाडवरून मुंबईस जातांना आम्हीं देवळालीचें स्टेशन पाहिलें आहे. त्या मुलीनें आपल्या वहींतल्या दोन रकान्यांशेजारीं पट्टी धरून एक तिसरा रकाना आंखला होता आणि वर 'कोठून' असा मथळा घातला होता. बॉबरीपुढें तिनें 'बाप रे' लिहिलें होतें, हॉब्सन-जॉब्सनपुढें 'मोहरम', आणि डूलॅलीपुढें 'देवळाली, जि. नाशिक'. दामाची ओळ खोडलेली होती. तिच्यापुढचा रकाना मोकळा होता.